पाव इंचाचा प्रश्न: डिस्कव्हरीच्या तपासणी-बूमची तयारी, २००३ ते २००५

पार्श्वभूमी

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया शटल फ्लोरिडातून उडालं. साधारण ८२व्या सेकंदाला बाहेरच्या नारिंगी इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. तुकडा जेमतेम पाऊण किलोचा. दुसऱ्या दिवशी उड्डाणाच्या चित्रफिती तपासताना तो दिसला, पण नेमका कुठे लागला आणि किती लागलं, हे त्या फितींवरून कळेना. यानावर त्या खेपेला रोबोटिक हात नव्हता. कक्षा अशी होती की अंतराळस्थानक गाठणंही शक्य नव्हतं. उरला एकच उपाय: लष्कराच्या दुर्बिणींनी किंवा उपग्रहांनी पंखाचे फोटो काढून घ्यायचे. अभियंत्यांनी तशी मागणी तीन वेगवेगळ्या वाटांनी केली आणि तिन्ही वेळा ती वर पोहोचेपर्यंत विरून गेली. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान टेक्सासवर फुटलं. कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले.

चौकशी मंडळाचा अहवाल ऑगस्ट २००३ मध्ये आला. तिथून २६ जुलै २००५ च्या डिस्कव्हरी शटलच्या उड्डाणापर्यंतचा काळ हा या प्रकरणाचा विषय आहे. अपघातावर पुष्कळ लिहिलं गेलंय. अपघातानंतर 'आता आपण यान तपासूनच खाली आणू' असं ठरवणाऱ्यांनी तपासणीचं साधन, म्हणजे रोबोटिक हाताने धरायची, टोकाला कॅमेरे असलेली लांब काठी (बूम), उभं कसं केलं, त्यात कुठे अडले, कुठे तडजोड केली, याकडे मात्र कमी लक्ष गेलं. सगळी घटना सार्वजनिक नोंदीतली आहे. निर्णय घेणाऱ्यांची नावं मुद्दाम गाळून त्यांच्या फक्त भूमिका ठेवल्या आहेत, कारण प्रश्न माणसांपेक्षा पद्धतीचा आहे.

अडचण

मंडळाची एक शिफारस अशी: पुन्हा उडण्यापूर्वी, कक्षेत असतानाच उष्णतारोधक कवच तपासण्याची आणि जमेल तितकं दुरुस्त करण्याची सोय हवी. कागदावर हे एक वाक्य आहे. प्रत्यक्षात कवच म्हणजे चोवीस हजारांच्या आसपास टाइल्स, शिवाय प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेला कार्बनची २२ पॅनेल्स आणि नाकावरची टोपी. परतताना पंखाच्या कडेचं तापमान १,६०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. आणि शटलच्या खिडक्या पुढे, वर नि मागे मालकप्प्याकडे. आत बसलेल्या माणसाला आपल्याच यानाचं पोट कधी दिसत नाही, पंखांच्या कडाही धड दिसत नाहीत.

यानाचा नेहमीचा हात १५ मीटर लांब, मालकप्प्याच्या डाव्या काठावर बसवलेला. त्याच्या टोकाला कॅमेरा असतो, पण पलीकडच्या पंखाच्या कडेपर्यंत किंवा पोटाखाली तो पोहोचत नाही. म्हणजे जिथे कोलंबियाला मार लागला, तसल्याच जागा नजरेबाहेर.

पोहोच ही अडचणीची निम्मी बाजू. उरलेली निम्मी बाजू जास्त कठीण होती आणि सुरुवातीला तिच्याकडे कमी लक्ष गेलं, असं माझं मत आहे. किती लहान जखम दिसली पाहिजे?

जुलै २००३ मध्ये सॅन अँटोनियोच्या एका संशोधन संस्थेत कोलंबियाला लागला तेवढाच फोमचा तुकडा नळीतून खऱ्या पॅनेलवर मारून पाहिला. पॅनेलला जवळपास चाळीस सेंटिमीटरचं भगदाड पडलं. फोमसारखी हलकी वस्तू काय बिघडवणार, हा वाद त्या दिवशी मिटला. पण चाळीस सेंटिमीटरचं भगदाड कुठल्याही बऱ्या कॅमेऱ्याला दिसलं असतं. खरा प्रश्न त्याच्या खालच्या टोकाचा होता. हिशेब करता करता अभियंते अशा आकड्यांवर आले: पोटावरच्या मोकळ्या भागातल्या टाइल्ससाठी साधारण तीन इंच, चाकांच्या दारांसारख्या नाजूक जागांजवळ एक इंच, आणि पंखाच्या कडेच्या कार्बनवर पाव इंच. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास. हरभऱ्याच्या दाण्याहून लहान भोक, राखाडी पृष्ठभागावर, कडक ऊन आणि काळोख पाऊण-पाऊण तासाने आलटून पालटून येत असताना. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या पाव इंचावरून ठरला.

'कॅमेरा आहे ना, मग झालं' ही समजूत किती महागात पडू शकते याचं उदाहरण नासाच्या घरातच होतं. डिसेंबर १९८८ मध्ये अटलांटिस हे शटल एका गुप्त लष्करी मोहिमेवर होतं. क्रूने हातावरच्या कॅमेऱ्याने टाइल्सचं नुकसान स्वतः पाहिलं आणि जमिनीला कळवलं. पण गुप्ततेपायी चित्र सांकेतिक, मंद आणि अस्पष्ट स्वरूपात खाली येत होतं. जमिनीवरच्या मंडळींना त्यात सावल्यांचा खेळ दिसला आणि त्यांनी सांगितलं, काळजी नको. यान उतरल्यावर मोजलं तर सातशेहून अधिक टाइल्सना मार लागलेला आणि एक टाइल पुरती गायब. तिच्या खाली नेमकी अँटेनाची जाड धातूची पट्टी होती म्हणून निभावलं. तपासणी झाली होती, तपासणाऱ्याला बरोबर दिसलंही होतं, तरी निष्कर्ष उलटा निघाला. २००३ मध्ये ज्यांनी ही गोष्ट आठवणीत ठेवली, त्यांनी चित्राच्या दर्जाचा हट्ट धरला.

समोरचे पर्याय

पहिला आणि सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे स्थानकावरून फोटो. शटलने स्थानकाच्या खाली सुमारे १८० मीटरवर थांबून संथ कोलांटी घ्यायची, पोट वर दाखवायचं, आणि वरच्या रहिवाशांनी ४०० आणि ८०० मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढायचे. हातात वेळ जेमतेम दीड मिनिटाचा. ८०० च्या लेन्सने साधारण एक इंच, ४०० च्या लेन्सने तीन इंच एवढा तपशील मिळतो. पोटावरच्या टाइल्सना हे पुरतं. पंखाच्या कडेला पुरत नाही.

दुसरा पर्याय अंतराळवीराने बाहेर पडून डोळ्यांनी पाहायचा. पोटाखाली धरायला काही नाही, आणि पाठीवरच्या छोट्या जेटच्या जोरावर तरंगणारा माणूस टाइल्सना धक्का लावील ही भीती वेगळी. जखम शोधायला जाऊन नवी जखम करून यायची.

तिसरा पर्याय मला व्यक्तिशः सगळ्यात आकर्षक वाटतो: उडता कॅमेरा. डिसेंबर १९९७ मध्ये शटलच्या एसटीएस-८७ मोहिमेत फुटबॉलपेक्षा थोडा मोठा, सोळा किलोचा एक गोल कॅमेरा मालकप्प्यात सव्वा तास उडवून पाहिला होता. कल्पना चावलांचं ते पहिलं उड्डाण. योग असा की त्याच मोहिमेत टाकीवरच्या फोममुळे टाइल्सवर तीनशेहून जास्त ओरखडे आणि खड्डे पडले होते. दुखणं आणि त्यावरच्या एका उपायाची सुरुवात, दोन्ही एकाच यानात होती. पुढच्या काळात त्याची आणखी लहान आवृत्तीही प्रयोगशाळेत तयार होत होती. पण यानाभोवती मोकळा फिरणारा गोळा इंधन संपून किंवा संपर्क तुटून पंखावर आपटणार नाही, याची खात्री दीड-दोन वर्षांत पटवून देणं सोपं नव्हतं. शिवाय तरंगणाऱ्या कॅमेऱ्यावर पाव इंचाचं मोजमाप म्हणजे त्याची जागा क्षणोक्षणी माहीत हवी.

चौथा पर्याय दिसायला ओबडधोबड होता: आहे तो हात लांब करायचा.

लष्करी उपग्रहांच्या फोटोंसाठी संबंधित संस्थेशी करार २००३ मध्येच झाला, म्हणजे यापुढे त्यासाठी कुणाच्या विनवण्या करायला नकोत. तो पर्याय म्हणून नाही, जोड म्हणून राहिला.

काय निवडलं आणि का

निवड झाली बूमची. शटलच्या हाताचे सुटे दंड कॅनडात शिल्लक होते. ते जोडून पंधरा मीटरची एक सरळ काठी करायची. सांधे नकोत, सांध्यांच्या जागी घट्ट जोड. काठी मालकप्प्याच्या उजव्या काठावर ठेवायची. तिथे मुळात दुसऱ्या हातासाठी जागा कल्पिलेली होती, ती इतकी वर्षं रिकामी होती. कक्षेत गेल्यावर डाव्या हाताने ही काठी उचलायची, म्हणजे एकूण पल्ला तीस मीटर. त्यात उजवा पंख, डावा पंख, नाक, सगळं आलं.

या निवडीत एक शहाणपण आहे ते पटकन लक्षात येत नाही. नवीन म्हणावं असं तिच्यात फार थोडं होतं. दंड जुने, पकडण्याची मूठ जुन्या पद्धतीची, आणि टोकावरची उपकरणंही अंतराळात एकदा जाऊन आलेली. त्यातला एक लेसर कॅमेरा डिसेंबर २००० मध्ये स्थानकाच्या सौर पंखांची थरथर मोजण्यासाठी उडाला होता. दुसरा, ऑटावाच्या कंपनीचा, २००१ मध्ये प्रयोग म्हणून. तिसरा साधा कृष्णधवल कॅमेरा, कमी उजेडात पाहणारा, मालकप्प्यात नेहमी असतो तसा. वेळ कमी असताना नवं शोधायचं नाही, जुन्याची नवी जुळणी करायची, हा नियम त्यांनी पाळला.

दोन लेसर का? साधा कॅमेरा डाग आणि खड्डा यांत फरक करू शकत नाही. राखाडी कार्बनवरची काळसर खूण नुसती काजळी असेल किंवा आरपार भोक असेल, चित्रात दोन्ही सारखंच. लेसरने खोली मोजता येते. पहिला लेसर कॅमेरा एका झटक्यात पूर्ण चित्र घेतो, त्यामुळे बूम संथपणे सरकत असतानाही त्याचं काम चालतं. पंखाची अख्खी कड पुसून काढायला तो बरा. दुसरा ठिपका-ठिपका फिरवून मोजतो, जास्त अचूक, पण त्याला बूम स्थिर हवी. तो संशयित जागेवर नेमका रोखायचा. म्हणजे एक चाळणारा, दुसरा तोलणारा.

तयारी: जिथे खरे निर्णय झाले

पहिला पेच विजेचा. बूमच्या टोकाशी उपकरणं आहेत, त्यांना वीज हवी, गरम ठेवणारे हीटर हवेत, चित्र आत यायला हवं. यानापासून टोकापर्यंत वेगळी वायर ओढणं म्हणजे हलणाऱ्या हातात गुंता. म्हणून वीज आणि चित्र दोन्ही हाताच्या पंजातून, पकडीच्याच जागी असलेल्या जोडणीतून न्यायचं ठरलं. व्यवस्था देखणी होती, पण तिची एक किंमत होती: शटलच्या हाताने सोडली की बूम मुकी आणि थंड. स्थानकाचा हात ती धरू शकत होता, तिला वीज देऊ शकत नव्हता. ही मर्यादा तेव्हा मान्य केली गेली. २००७ मध्ये फाटलेला सौर पंख शिवायला याच बूमच्या टोकावर अंतराळवीराला उभं केलं, तेव्हा उपकरणं विजेशिवाय किती तास थंडी सोसतील याची काळजी करावी लागली, ती इथून आली.

दुसरा पेच चाचणीचा, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय इथे झाला. शटलचा हात पृथ्वीवर स्वतःचं वजनही उचलू शकत नाही. तो वजनरहित अवस्थेसाठी बनवलेला आहे. मग हात आणि बूम मिळून तीस मीटरची जोडी जमिनीवर कशी तपासणार? नाहीच तपासता येत. लेसर वेगळे तपासले, मुद्दाम जखमी केलेल्या टाइल्स आणि पॅनेल्सवर. बूमचा ताठपणा वेगळा तपासला. सांध्यांच्या हालचाली संगणकावर. सगळं एकत्र प्रथम चालणार ते कक्षेत, उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्याच दिवशी त्याच्या निकालावर सात माणसांचा परतीचा निर्णय अवलंबून. साधनाची पहिली खरी चाचणी आणि पहिला खरा वापर एकच.

दुसरा मार्ग होता का? एक उड्डाण केवळ चाचणीसाठी ठेवणं हा मार्ग, पण तेही माणसांसह असणार, कारण शटल माणसांशिवाय उडत नव्हतं. तेव्हा त्यांनी दुसऱ्या बाजूने आधार उभे केले. प्रत्येक पंखाच्या कडेआड ६६ धक्का-मापक आणि २२ तापमापक बसवले, म्हणजे बूमने काही पाहण्याआधीच कुठे धक्का बसला याचा अंदाज. उड्डाण दिवसाउजेडीच करायचं, म्हणजे जमिनीवरचे, विमानांतले आणि टाकीवरचे कॅमेरे पडणारा प्रत्येक तुकडा टिपतील. वर स्थानकावरची कोलांटी. एका साधनावर भार टाकण्याऐवजी चार साधनांची साक्ष जुळवायची. चाचणी अपुरी असेल तर साक्षीदार वाढवा, हे उत्तर पूर्ण समाधानकारक नाही, पण प्रामाणिक आहे.

तिसरा पेच हलण्याचा. तीस मीटरची जोडी थांबवली तरी टोक काही वेळ झुलत राहतं. लेसर पृष्ठभागापासून दोन-तीन मीटरवर हवा. टोक जास्त झुललं तर लेसरच पंखाला लागायचा. म्हणून संथ गती, ठरावीक मार्ग, प्रत्येक मार्गाची आधी संगणकावर तालीम, आणि दोन माणसं हातावर असताना तिसरा अंतरांवर नजर ठेवणार, अशी रीत बसवली. परिणामी पंखांच्या कडा आणि नाक तपासायला जवळपास अख्खा दिवस लागणार हे स्पष्ट झालं. मोहिमेच्या वेळापत्रकातून एक दिवस देणं, हा तांत्रिक नव्हे, व्यवस्थापनाचा निर्णय होता. तो दिला गेला याचं श्रेय मोहीम व्यवस्थापकांना आहे. कारण तपासणीला वेळ न देणं ही सगळ्यात सोपी कपात असते.

उजेडाचा प्रश्न त्याहून किचकट. लेसर कॅमेऱ्याला सूर्यप्रकाश आंधळा करतो, साध्या कॅमेऱ्याला तो हवा असतो. भिंतीचे पोपडे बॅटरी तिरपी धरल्यावरच दिसतात, तसं कार्बनवरचा उथळ खड्डा तिरप्या उजेडातच उठून दिसतो. दर दीड तासाला एक दिवस-रात्र होत असताना कोणता भाग कोणत्या उजेडात पाहायचा, हे आधीपासून मांडून ठेवावं लागलं. तपासणीचा आराखडा म्हणजे निम्मा खगोलाचा हिशेब झाला.

यानापलीकडे आणखी एक तयारी चालू होती, ती माणसांची. चित्र खाली आल्यावर ते पाहणार कोण, शंका नोंदवणार कोण, 'ठीक आहे' म्हणण्याचा अधिकार कुणाला? कोलंबियाच्या वेळी नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. नवी रचना अशी की नुकसान तपासणारा गट वेगळा, त्याचा निष्कर्ष मोहीम व्यवस्थापन गटासमोर ठरलेल्या वेळी यायलाच हवा, आणि शंका असलेली प्रत्येक जागा नोंदीतून नावानिशी मिटवायला हवी. फोटो मागावे लागणार नाहीत, ते येणारच. मागणीवर अवलंबून असलेली तपासणी नेहमीच्या कामात बसवली, हा माझ्या मते बूमपेक्षाही मोठा बदल.

पॅडवरचे शेवटचे महिने

एप्रिल २००५ मध्ये डिस्कव्हरी लाँच पॅडवर गेलं. टाकी भरून पाहण्याच्या चाचणीत इंधनपातळीच्या संवेदकांनी दगा दिला, शिवाय टाकीवर एका ठिकाणी बर्फ जमण्याचा धोका दिसला. यान मे महिन्यात परत आत आणून टाकी बदलली, हीटर बसवला आणि जूनच्या मध्यात पुन्हा बाहेर नेलं. १३ जुलैचा प्रयत्न संवेदकापायी रद्द झाला.

त्याच्या आदल्या संध्याकाळची घटना छोटी आहे, पण सोडवत नाही. कॉकपिटच्या खिडकीवरचं प्लॅस्टिकचं संरक्षक झाकण आपोआप सुटून खाली पडलं आणि शेपटीजवळच्या फुगवट्यावरच्या टाइल्सवर आपटलं. टाइल्स बसवलेली एक पट्टीच बदलावी लागली. अडीच वर्षं कवचाच्या संरक्षणाचा विचार चाललेला, आणि उड्डाणाच्या उंबरठ्यावर कवचाला मार बसला तो संरक्षणासाठी लावलेल्या झाकणाचा. पुढच्या वर्षी मार्च २००६ मध्ये हँगरमध्ये फुटलेल्या दिव्याच्या काचा गोळा करताना कामगारांचा उचलता पाळणा रोबोटिक हाताला लागला आणि त्यावर छोटी भेग पडली. हात उतरवावा लागला. कक्षेतल्या मोठ्या धोक्याची तयारी करताना शेडमधल्या पाळण्याकडे दुर्लक्ष होणं अगदी स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच उपकरणांच्या आसपासच्या हालचालींना वेगळी परवानगी आणि वेगळा पाहारेकरी लागतो.

उड्डाणापूर्वीचा आणखी एक मोठा निर्णय: स्वतंत्र परीक्षण गटाने जून २००५ मध्ये सांगितलं की मंडळाच्या उड्डाणपूर्व पंधरा शिफारशींपैकी तीन पूर्णपणे पाळल्या गेलेल्या नाहीत. टाकीवरून काहीच पडू न देणं, यान अधिक टणक करणं, आणि कक्षेत दुरुस्ती. म्हणजे तपासणी होईल, पण सापडलेली मोठी जखम बुजवता येईलच असं नाही. त्यावर उत्तर होतं स्थानकावर आसरा आणि अटलांटिस सुटकेसाठी तयार. जखम सापडली आणि बुजली नाही, तर माणसं वर थांबतील, दुसरं यान आणायला जाईल.

कक्षेत काय झालं

२६ जुलै २००५ ला डिस्कव्हरी उडालं. टाकीवरच्या कॅमेऱ्याने दाखवलं की फोमचा एक मोठा तुकडा, पाऊण पौंडाहून जास्त वजनाचा, सुटून गेला. यानाला लागला नाही. दोन वर्षं ज्याची धास्ती होती तेच पहिल्या दोन-सव्वादोन मिनिटांत झालं.

दुसऱ्या दिवशी बूम उचलली. जमिनीवर कधीच एकत्र न तपासलेली जोडी ठरल्याप्रमाणे चालली. पंखांच्या कडांवर चिंतेचं काही सापडलं नाही. नाकाच्या चाकाच्या दाराजवळ टाइलचा एक कपचा उडालेला होता, तो उड्डाणाच्या चित्रांत दिसला होताच. नंतर बूमने जवळून पाहून मोजला आणि निर्धोक ठरवला. पोटावरच्या दोन टाइल्सच्या फटींतून भरणीच्या पट्ट्या बाहेर डोकावत होत्या, त्या मात्र स्थानकावरून काढलेल्या फोटोंत सापडल्या. इंचभर बाहेर आलेली ती पट्टी परतीच्या वेगात हवेचा प्रवाह बिघडवून मागचा भाग जास्त तापवू शकते. ३ ऑगस्टला अंतराळवीराने स्थानकाच्या रोबोटिक हाताच्या टोकावर उभं राहून त्या दोन्ही बोटांनी ओढून काढल्या. खिडकीखालच्या एका उशीसारख्या आवरणाचा फुगवटाही चर्चेत होता. वाऱ्याच्या बोगद्यात चाचणी करून त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. ९ ऑगस्टला यान कॅलिफोर्नियात सुखरूप उतरलं.

सगळ्यात खर्चिक साधनाने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शोधली नाही, असं कुणी म्हणू शकेल. पण बूमचं काम कडा निर्दोष असल्याचं पुराव्यानिशी सांगणं हे होतं आणि ते तिने केलं. 'काही दिसलं नाही' या निकालाला वजन येतं ते काय दिसलं असतं हे आधी ठरवलेलं असेल तरच. पाव इंचाचा आकडा इथे कामी आला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट सुटलेल्या त्या फोमची. तो ज्या उंचवट्यावरून पडला, त्याचा प्रश्न उड्डाणापूर्वी चर्चेत येऊन गेला होता. त्याने आधी फारसा त्रास दिलेला नाही म्हणून तो तसाच ठेवला. पुढच्या उड्डाणाआधी तो पूर्ण काढूनच टाकला, आणि वर्षभर यानं जमिनीवर राहिली. तपासणी चांगली असल्यामुळे मुळाशी जाण्याची घाई थोडी कमी झाली का? सरळ पुरावा नाही. पण २००६ मध्ये पुढच्या उड्डाणाच्या तयारीच्या बैठकीत नासाच्या मुख्य अभियंत्याने आणि सुरक्षा प्रमुखाने टाकीवरच्या दुसऱ्या उंचवट्यांमुळे उड्डाणाला नकार नोंदवला, तरी उड्डाण झालं. नासाच्या प्रमुखांचं म्हणणं असं की धोका यानाला आहे, माणसांना नाही. माणसं यान तपासून स्थानकावर थांबू शकतात. म्हणजे बूम आणि आसरा ही सुरक्षेची साधनं थेट निर्णयाच्या तराजूत जाऊन बसली, आणि उडण्याच्या बाजूने. नकार लेखी नोंदवला गेला आणि खुलेपणी ऐकला गेला, एवढं मात्र २००३ पेक्षा निश्चित वेगळं.

दुसरी गोष्ट केबलची. मे २०१० मध्ये अटलांटिसवर बूमच्या टोकाशी एक केबल अडकली आणि लेसर कॅमेरा हवा तसा वळेना. दुसऱ्या संचाने काम भागवलं आणि अंतराळवीराने बाहेर जाऊन ती मोकळी करून बांधली. वळणाऱ्या भागाची केबल सगळ्या टोकांपर्यंत वळवून, थंडीत ताठ झालेली असताना पाहणं, ही जमिनीवर करता येणारी चाचणी होती. जे एकत्र तपासता येत नाही त्याच्या मागे लागताना, जे सुटं तपासता येतं ते शेवटपर्यंत तपासायचं राहून जातं.

तिसरी गोष्ट चित्र खाली येण्याच्या वाटेची. एप्रिल २०१० मध्ये यानाची मुख्य अँटेना बंद पडली आणि तपासणीची चित्रं टेपवर घेऊन, स्थानकाला जोडल्यावर तिथून पाठवावी लागली. तपासणी वेळेवर झाली, निर्णय लांबला. सुरुवातीच्या आराखड्यात साधनांची दुहेरी सोय होती, दोन लेसर, एक कॅमेरा. चित्र नेणारी वाट मात्र एकच. १९८८ च्या अटलांटिसमध्ये घोटाळा झाला तोही याच वाटेवर. तपासणी-साधनाची तयारी करणाऱ्या गटाकडे लेन्सपासून निर्णय घेणाऱ्याच्या पडद्यापर्यंतची अख्खी साखळी सोपवली असती, तर हा दुवा २००४ मध्येच कुणाच्या तरी यादीत आला असता.